अब्बांनी विचारलं, ‘पैसे कुणाचे?’



मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने मला हळूच विचारलं, “ताई, आमचं घर कसंबसं चालतंय. मग शिष्यवृत्तीचा अर्ज करू का? आमच्याहून गरिबाचा हक्क नाही ना जाणार?” मला फार्मसीला प्रवेश मिळाला, तेव्हा आमच्या घरात हाच वाद आठवडाभर चालला होता.

माझे अब्बा मिरजेत मोटारसायकली दुरुस्त करतात. मी दोन अर्ज घरी आणले होते, एक बिरादरीच्या ट्रस्टचा आणि एक सरकारी. अब्बांनी एवढंच विचारलं, “पैसे कुणाचे?” ट्रस्टचे पैसे जकातीचे होते आणि अम्मीकडे साडेसात तोळ्यांहून थोडं जास्त सोनं होतं. “आपण जकात देणारे, घेणारे नाही,” म्हणून तो अर्ज परत गेला. सज्ञान मुलीचा हिशेब वेगळा धरावा, असं सांगणारे आलिमही आहेत, पण अब्बांना ते पटलं नाही. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, तो अर्ज माझ्याहून अडलेल्या कुणाच्या तरी कामी आला असेल.

सरकारी अर्जावरही ते अडले. तेव्हा अम्मी म्हणाली, “साबण घेतला तरी आपण कर भरतोच ना?” त्यावर अब्बा गप्प झाले.

ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल, तर निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. अटींत बसणाऱ्या कुणालाही ती मिळते, तुमच्यामुळे दुसऱ्याची जागा जात नाही. अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्तीत मात्र संख्या ठरलेली असते. तिथे खरं उत्पन्न लिहा आणि निवड नियमांवर सोडा. दाखला काढून देणारा एकजण आम्हालाही म्हणाला होता, “आकडा कमी करू का?” अब्बा खुर्चीवरून उठलेच.

मुलींनो, 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आर्थिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची मर्यादा तीच, 8 लाख. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन घरातल्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधी काढून ठेवा. प्रवेशाच्या धावपळीत ते होत नाही.

माझा अर्ज पहिल्या वर्षी दोनदा परत आला. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी! पैसे दुसऱ्या वर्षी आले, तोवर मामूंकडून उसने घेऊन फी भरली होती.

मघाशी विचारणाऱ्या मुली, कार्यक्रम संपला की आधार आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे ये. आधी नाव जुळतंय का ते बघू.