बांध कोरणाऱ्याशी सलोखा



शेजाऱ्याने बांध कोरून आपल्या शेतात नांगर घातला, आणि पंच म्हणाले, "अर्धे शेत देऊन टाक, भांडण मिटेल," तर त्यास न्याय म्हणाल काय? अबिसीनियास जगाने हाच न्याय सांगितला.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने त्या देशावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने इटलीस दोषी ठरवून तिचा काही व्यापार अडविला. पण तेल अडविले नाही, सुएझचा कालवाही बंद केला नाही. विमाने उडत राहिली, गरीब रयतेवर विषारी वायू पडत राहिला. डिसेंबरात इंग्रज व फ्रेंच मंत्र्यांनी सलोखा सुचविला, तो अबिसीनियाचाच मोठा मुलूख इटलीस देण्याचा! ५ मे १९३६ रोजी राजधानी पडली. बादशहा हैले सेलासी यांनी जिनेव्हास जाऊन दाद मागितली. उलट जुलैत इटलीवरील निर्बंधच उठले.

रयतेने मात्र हत्यार टाकले नाही. १९४० साली इटली इंग्रजांवरच उलटली, तेव्हा कोठे खरी मदत आली. १९४१ साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर आपले मराठा शिपाईही लढले. ५ मे रोजी बादशहा राजधानीत परतले.

बंधूंनो, कोरलेला बांध जागेवर येईल तेव्हाच भांडण मिटले म्हणावे.