रोजच्या चार ओळी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी मला कवी केले नाही. ते त्यांच्या हाती नव्हते, माझ्याही नव्हते. त्यांनी एक सवय मात्र लावली : रोज रात्री घरातील एखाद्या वस्तूवर चार ओळी लिहावयाच्या. पहिल्या दिवशी मी चंद्रावर लिहून नेले. गुरुजींनी वही मिटली आणि विचारले, "तुझ्या आईच्या जात्याचा खुंटा कोणत्या अंगाने झिजला आहे रे?" मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी प्रथमच जात्यापाशी जाऊन बसलो. खुंटा आतल्या अंगाने झिजून गुळगुळीत झाला होता. आई एका हाताने जाते ओढी, दुसऱ्या हाताने मूठभर ज्वारी त्याच्या तोंडात टाकी. हात बदलला की ओवीही वळण घेई. तिच्या ओव्यांत कपाशी असे, पावसाची ओढ असे आणि किनवटकडचे माहेर असे. 1956 साली राज्य-पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. आईचे माहेर एका रात्रीत परराज्यात गेले. ओवीला मात्र ही सीमा कधी कळलीच नाही. (2014 साली आपण तेलंगणात आलो, ते पाहावयास ती नव्हती.)

नियमित काव्यलेखनाविषयी बोलताना आपण प्रतिभेच्या लहरीची चर्चा करतो. जात्यावरच्या बाईला लहरीची वाट पाहणे परवडत नसे. पीठ रोज लागे, म्हणून ओवी रोज होई. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहितावाचता येत नव्हते. पण त्यांनी घरोट, चूल, मोट, सुगरणीचा खोपा यांवर गाणी रचली. त्या वस्तू प्रतीके म्हणून शोधून आणलेल्या नव्हत्या. हाताला घट्टे पाडून त्या ओळखीच्या झाल्या होत्या. हल्ली कित्येक कवितांत खुर्ची येते, कंदील येतो, आणि दुसऱ्याच ओळीत त्यांचे तत्त्वज्ञान होते. त्या खुर्चीवर कवी कधी बसला असेल, असे मला वाटत नाही. माझे हे मत कठोर वाटेल; वयाचा दोष म्हणून सोडून द्यावे.

बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण ती वेळीच टिपून ठेवली गेली. चिरंजीव सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली.

मीही मुलगाच होतो, आणि माझ्याही हाती वही होती. तीत मी खुंट्यावर लिहिले, उखळावर लिहिले, आईच्या हातांवरदेखील लिहिले. ती काय गाते आहे, ते लिहिले नाही. पुढे पीएच.डी.च्या प्रबंधात ओवीछंदावर एक सबंध प्रकरण लिहिले. त्यात आईची एकही ओवी नाही.

गेल्या दिवाळीत थोरल्या ताईला विचारले. तिने डोळे मिटून आरंभ केला आणि ती अर्ध्यावर थांबली. "पुढचं आई हात बदलताना म्हणायची," ती म्हणाली. मग तिने रिकामी मूठ खुंटा धरल्यागत हवेत फिरविली. आणखी दोन शब्द आले. ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले आहेत.