कुंडीतील रबराचे झाड आणि प्रांगणातील वड

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या धार्मिक संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की पहिला विषय निघतो तो इमारतीचा. पत्रे जाऊन स्लॅब येतो, शहाबादी फरशी जाऊन ग्रॅनाइट येतो आणि शेवटी पाळी येते ती प्रांगणाची. तेथे पेव्हर ब्लॉक बसवावयाचे ठरते, दाराच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या कुंड्या येतात आणि त्यांत रबराची तुकतुकीत झाडे उभी राहतात. कडेला एखादा जुना वड असतो. त्याची पाने पडतात, पाखरे घाण करतात, मुळे फरशी उचलतात. म्हणून नकाशात त्याच्या जागी ‘वाहनतळ’ असे लिहिले जाते. धर्मस्थानक असो, पाठशाळा असो की मंगल कार्यालय, गावोगावी हीच कथा आहे. म्हणूनच या दोन झाडांची तुलना आजच्या प्रसंगी अस्थानी ठरू नये.

ही दोन झाडे परस्परांना परकी नाहीत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वनस्पतिशास्त्रात वडाचे नाव फायकस बेंगालेन्सिस आणि कुंडीतील रबराचे फायकस इलास्टिका. कुळ एकच, प्रजाती एकच. उंबर, पिंपळ आणि अंजीर हेही त्यांचेच भाऊबंद. दोघांचे पान तोडले तर पांढरा चीक येतो. दोघांनाही अधांतरी मुळे फुटतात. टायरसाठी लागणारे केरळातील रबर मात्र निराळे. ते ब्राझीलकडून आलेल्या हेव्हिया नावाच्या झाडाचे. कुंडीतील रबराचे मूळ घर ईशान्य भारत व त्यापलीकडील मलाया-जावापर्यंतचा पावसाळी प्रदेश. एकोणिसाव्या शतकात आसामात याच्याच चिकापासून रबर काढीत असत. पुढे हेव्हियाने त्याला बाजारातून उठविले. त्यानंतर जगाने त्याची जाड, चकाकती पाने आणि नव्या पानावरील तांबडे वेष्टन तेवढे पाहिले व त्याला दिवाणखान्यात नेऊन बसविले.

आपल्या मूळ अरण्यात हेच झाड शंभर फुटांपर्यंत उंच जाते. मेघालयातील खासी व जैंतिया लोक ओढ्याच्या काठी ते लावतात, त्याची अधांतरी मुळे पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने पैलतीराला नेतात आणि त्यांचा पूल विणतात. असा पूल माणसाचे वजन पेलण्यास पंधरा-वीस, कधी तीस वर्षे लागतात. लावणारा एक आणि त्यावरून निर्धास्त चालणारा त्याचा नातू, असा तो व्यवहार आहे. लोखंडी पूल वर्षागणिक गंजतो, हा वर्षागणिक बळकट होतो. नोंगरियाट गावातील दुमजली पूल पाहण्यास दूरदेशीचे लोक जातात. २०२२ मध्ये या पुलांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ज्याच्या मुळांवरून माणसे नदी ओलांडतात, त्याच झाडाला दीड फुटाच्या कुंडीत उभे करून दर रविवारी त्याची पाने ओल्या फडक्याने पुसली जातात! दोष झाडाचा नाही; त्याला जागाच तेवढी दिलेली आहे.

आता वड. त्याच्यासाठी राजूरकरांना फार लांब जावयास नको. शेजारच्याच संगमनेर तालुक्यात पेमगिरी येथे, ज्या गडावर शहाजीराजांनी बाल निजामशहाला गादीवर बसवून राज्यकारभार पाहिला त्याच्या परिसरात, एकरांच्या मापाने मोजावा असा महावटवृक्ष आहे. मूळ खोड कोणते आणि पारंबीचे झालेले खोड कोणते, हे पाहणाऱ्यास कळत नाही. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील वड अडीचशे वर्षांहून जुना आहे. बुरशी लागल्यामुळे त्याचे मूळ खोड १९२५ मध्ये कापून काढावे लागले. तरी तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर ते झाड उभे राहिले. आंध्र प्रदेशातील तिम्मम्मा मर्रिमानूचा विस्तार तर सुमारे पाच एकरांचा. १९८९ मध्ये त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

व्यापारी समाजाचे वडाशी नाते नावापासूनच आहे. सतराव्या शतकात युरोपीय प्रवाशांनी इराणच्या आखातावरील गोंब्रून बंदरात, म्हणजे आजच्या बंदर अब्बासला, गुजराती वाणी वडाखाली जमताना पाहिले. ‘बनियांचे झाड’ म्हणता म्हणता इंग्रजीत वडाचे नावच ‘बॅनियन’ पडले. याच बनियांच्या सैल अंगरख्याला इंग्रज ‘बॅनियन’ म्हणू लागले आणि तो शब्द फिरून कापडाच्या दुकानात ‘बनियन’ होऊन परत आला. गिऱ्हाईक बनियन मागते तेव्हा भाषेच्या नात्याने ते वडाचीच आठवण काढीत असते, हे दुकानदारांनाही ठाऊक नसते.

मुंबईच्या शेअर बाजाराचा आरंभही वडाखालचाच. १८५०च्या दशकात टाउन हॉलसमोर, जेथे आज हॉर्निमन सर्कल आहे तेथे, दलाल मंडळी वडाच्या सावलीत सौदे करीत. १८७५ मध्ये त्यांची रीतसर संस्था झाली. त्या पिढीतील थोर दलाल प्रेमचंद रायचंद हे जैन. आपल्या मातोश्रींच्या नावे त्यांनी राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी व सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे असा त्यामागील हेतू होता, असे सांगतात. कोट्यवधींची उलाढाल ज्या बाजारात होते, त्याचे पहिले छप्पर पारंब्यांचे होते.

धर्मपरंपरेत तर वडाचे स्थान आरंभीचेच आहे. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांना पुरिमताल नगराबाहेरील उद्यानात न्यग्रोध वृक्षाखाली केवलज्ञान प्राप्त झाले. न्यग्रोध म्हणजे खाली वाढत जाणारा, अर्थात वड. आणि याच वडाचे फळ श्रावकाला वर्ज्य आहे! वड, पिंपळ, उंबर, प्लक्ष व काकोदुंबर या पाच फळांना अभक्ष्य ठरविले ते त्यांत त्रस जीव असतात म्हणून. आधुनिक शास्त्राने भिंगाखाली हेच पाहिले. वडाचे फळ ही वस्तुतः फुलांची बंद डबी असते. तिच्या तोंडाच्या छिद्रातून एक सूक्ष्म गांधीलमाशी आत शिरते, परागण करते, अंडी घालते आणि आतच मरते. तिची पुढील पिढी परागकण घेऊन दुसऱ्या फळाकडे जाते. बहुधा प्रत्येक जातीच्या झाडाची माशी ठरलेली. शास्त्रकारांनी जिव्हेला घातलेला हा निर्बंध पाखरांच्या पथ्यावर पडला. हरियाल, तांबट, मैना, बुलबुल आणि रात्रीची वटवाघळे या फळांवर जगतात. रबराची माशी मात्र त्याच्या मूळ प्रदेशातील. ती जेथे नाही तेथे या झाडाला रुजणारे बी धरत नाही. माळी गुटी कलम बांधून नवे रोप करतो. अशा झाडाकडे पाखराने कशासाठी यावे?

कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात, असे विक्रेता हमखास सांगतो. त्याचा आधार ‘नासा’ने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग. परंतु ते लहानशा बंद पेटीत केलेले होते. अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा २०१९ मध्ये घेतला गेला. इमारतीत हवेची जी नेहमीची ये-जा असते तेवढे काम झाडांकडून व्हावयाचे, तर दर चौरस मीटरला दहा ते एक हजार कुंड्या लागतील असे त्यात दिसून आले. सभागृहात मग कुंड्याच बसतील, श्रोते बाहेर.

कुंडीची शोभा मात्र नाकारू नये. जिन्याखाली, कमी उजेडात, थोड्या पाण्यावर टवटवीत राहणारे झाड सोपे नसते. मात्र हिशेब ज्याचा त्याच्या खात्यावर मांडावा. कुंडी हे संस्थेचे फर्निचर. दरवर्षी घसारा लागणारे. वडावर घसारा बसत नाही आणि ताळेबंदात त्याची किंमतही नसते. म्हणूनच तो तोडताना कोणत्याही खात्यात नुकसान दिसत नाही. बाजारच्या दिवशी घाटघर, साम्रद, उडदावणे या बाजूंनी राजूरला उतरणारा माणूस ओझे कोठे टेकवितो, डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला आलेला शेतकरी बैल कोठे बांधतो, हे पाहिले म्हणजे गावाला सावलीची किंमत कळते. ग्रॅनाइटच्या पायरीवर चैत्रात कोणी बसत नाही.

वडाचे दोषही सांगितले पाहिजेत. भिंतीच्या फटीत पाखराने टाकलेले बी रुजले तर ते वास्तू फोडते; ते कोवळे असतानाच काढावे लागते. लहान अंगणात वड लावणे हा अविचार होय. इमारतीपासून पन्नास फूट तरी मोकळे सोडता येत नसेल तर कडुनिंब बरा.

कायद्याची बाजू तर राजूरसाठी फारच महत्त्वाची. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ असा दर्जा दिला. म्हणजे पन्नाशीचा मान संस्थेप्रमाणे झाडालाही मिळाला. पण हा अधिनियम नागरी क्षेत्रांचा. राजूर हे ग्रामपंचायतीचे गाव. येथे प्रांगणातील वडाचा निर्णय बहुतांशी विश्वस्तांच्या सभेतच होतो. त्या सभेत बसणाऱ्यांनी श्रावकाला वर्ज्य असलेली पंधरा कर्मादाने लहानपणी पाठ केलेली असतात. त्यांतील दुसरे वनकर्म, म्हणजे झाडे तोडण्यावर चालविलेला धंदा. वाहनतळासाठी तोडलेले एक झाड धंद्यात मोडत नाही, असा युक्तिवाद करता येईल. जांभळासाठी निघालेल्या सहा वाटसरूंच्या दृष्टांतात पहिल्यानेही झाड एकच तोडावयाचे म्हटले होते आणि त्याची लेश्या कृष्ण ठरली. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत एक पुराणा वड आला. लोकांनी आवाज उठविला आणि त्या महामार्गाची आखणी बदलली गेली. महामार्ग वळू शकतो, तर वाहनतळाची रेघ वळावयास हरकत नसावी.

ज्या संस्थांकडे वड उरलेला नाही पण जागा आहे, त्यांच्यासाठी कृती सोपी आहे. रोहिणी सरता सरता, मृगाच्या तोंडाशी, मनगटाएवढ्या जाडीची, पुरुषभर उंचीची वडाची सरळ फांदी आणावी. हात-दीड हात खोल खड्ड्यात ती पक्की रोवून वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा लावावा, म्हणजे ती सुकत नाही. राजूरच्या पावसात ती मुळे धरते. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण हवे आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोन वेळा पाणी. दारातल्या कुंड्यांना जो माणूस रोज पाणी घालतो, त्याच्याकडेच हे काम द्यावे.