यंत्र नावाचा लहिया



साहित्याच्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न संहितेचा असतो. जे वाचतो आहोत ते लेखकाचेच शब्द आहेत ना? इतरांना हा प्रश्न जुन्या पोथ्यांपुरता पडतो. मी दृष्टिहीन आहे, त्यामुळे मला तो कालच्या टपालाने आलेल्या मासिकाबाबतही पडतो.

माझे वाचन असे चालते. पान स्कॅनरवर ठेवायचे, ओसीआर म्हणजे अक्षरओळखीच्या प्रणालीने त्या चित्राचा मजकूर करून घ्यायचा आणि स्क्रीन रीडरच्या आवाजात तो ऐकायचा. इंग्रजीसाठी रेमंड कर्झवाइल यांचे वाचनयंत्र १९७६ साली आले. मराठीला पुष्कळ थांबावे लागले. टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली आज मराठी वाचते. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती सुटी अक्षरे न तोडता सबंध ओळ एकत्र ओळखू लागली. शिरोरेषेने अक्षरे बांधणाऱ्या आपल्या लिपीला ते मानवले. आज रात्री हवे ते पुस्तक मी कोणाची वाट न पाहता उघडू शकते, हे ऋण मी मानते.

तरीही यंत्र हा लहियाच, आणि लहियाच्या हातून होतात तशाच चुका त्याच्याकडूनही होतात. पुसट छपाईत ‘घन’चे ‘धन’ होते, ‘भरतो’चे ‘मरतो’ होते. ‘दऱ्या’मधला अर्धा र रफार झाला की डोंगरांलगत एकदम दर्या येतो, आणि गोव्यात तर ते खरेही वाटते! निरर्थक शब्द कानाला टोचतो, तो दुरुस्त करता येतो. चुकीचा पण अर्थपूर्ण शब्द मात्र गुपचूप वाक्यात बसतो. कवितेत तर असा शब्द नवी प्रतिमा म्हणून मिरवू शकतो. वर्गात शिकवताना अशा शब्दावर भिस्त ठेवायची कशी? शेवटी कोणा डोळस माणसाला विचारावेच लागते.

कोणी म्हणेल, जुन्या पुस्तकांचे ठीक, नवी तर संगणकावरच जुळवतात. अडचण तिथेही आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. आज उलटे घडते. युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टात जुळवलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. म्हणजे संगणकात जन्मलेला लेखही मला पुन्हा चित्र समजून ओळखून घ्यावा लागतो. लेखकाने टंकलेला, मुद्रितशोधकाने तपासलेला मजकूर हाताशी असताना आम्ही अंदाजावर वाचत राहतो.

कायदा आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दृष्टिबाधितांसाठी सुलभ प्रत करण्याची मुभा दिली. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, २०१४ मध्ये. राहतो तो आपल्या सवयीचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी केंद्रांत तो अधिक जाणवतो. आपली पुस्तके मोजक्या प्रती काढून निघतात. ती ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित होऊन येतील, ही आशा फारशी धरता येत नाही.

म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आपल्या संस्थांकडे दोन मागण्या. प्रत्येक अंकाचा अंतिम मजकूर युनिकोडमध्ये जपावा आणि मागेल त्या दृष्टिहीन वाचकाला द्यावा. छापखान्याशी ठरवतानाच ही अट घातली तर पुढचे कष्ट वाचतात. जुने अंक ओसीआरने उतरवून घ्यावेत आणि मूळ पानाशी ताडून एकदा तपासावेत. हे काम मराठीचे विद्यार्थी करू शकतील. पाठचिकित्सा शिकण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. शिवाय अशा मजकुरात शब्द शोधता येतो, त्यामुळे डोळस अभ्यासकाचीही सोय होते.

यंत्राने मला पुस्तक उघडून दिले. त्यातला शब्द लेखकाचाच आहे, ही खात्री मात्र ते पुस्तक काढणाऱ्यांनीच द्यायची आहे.