तिघींची एक शेगडी

आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत एका खोलीत राहून शिकणाऱ्या तिघी. एक सोलापूरची, एक परभणीची, एक चिपळूणची. आज आम्ही बोलणार आहोत आमच्या शेगडीबद्दल आणि आमच्या वजनाबद्दल. माइकपुढे एकीला बसवलंय, पण लिहिलंय तिघींनी.

पुण्यात आलो तेव्हा मेस लावली होती. दोन वेळचं जेवण, महिना ३२०० रुपये. मेसच्या मावशी प्रेमानं वाढायच्या. पण इतक्या मुलींचा स्वयंपाक परवडवायचा म्हणजे रोज बटाटा, पातळ वरण आणि भाजीवर तेलाचा तवंग. नाश्ता त्यात नव्हता. म्हणून सकाळी अभ्यासिकेत जाताना चहा आणि क्रीमरोल, संध्याकाळी वडापाव. वर्षभरात सोलापूरची ११ किलोंनी वाढली, परभणीची ७ किलोंनी. चिपळूणची फारशी वाढलीच नव्हती. पण दिवाळीनंतर एका लग्नाला गेली, तिथे कुणीतरी म्हणालं, "पुण्याचं पाणी मानवलं वाटतं हिला!" म्हणणारी व्यक्ती विसरून गेली असेल, पण आमच्या मैत्रिणीला झोप लागेना.

मग तिघींनी ठरवलं, वजन उतरवायचं. आणि सगळे करतात तेच केलं. जेवणच कमी केलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक पोळी, रात्री काही नाही. सगळ्यात कडक चिपळूणची. तीन आठवड्यांनी ती अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. परीक्षा दीड महिन्यावर आलेली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला लावलं, तर हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं ते निदान १२ तरी हवं. उंची ५ फूट २ इंच, वजन ५३ किलो. बाई म्हणाल्या, "अगं, तुझं वजन अगदी बरोबर आहे. तुला उतरवायचं काय आहे?" आम्हा दोघींना मात्र म्हणाल्या, "तुमचं उतरायला हवं. पण उपाशी राहून नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ."

त्या रात्री तिच्या आईचा फोन आला. "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "हो, आत्ताच." आम्ही दोघी शेजारी बसून ऐकत होतो आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणं आम्हाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकूंना विचारलं, खोलीत स्वयंपाक केला तर चालेल का? काकू म्हणाल्या, "करा, पण ओटा स्वच्छ ठेवायचा." मग एका बर्नरची शेगडी आणि ५ किलोचा सिलिंडर घेतला. परभणीहून कुकर आला, सोलापूरहून आजीचा लोखंडी तवा, चिपळूणहून आमसुलं आणि कुळथाचं पीठ.

आता काय शिकलो ते सांगतो. पहिला धडा तेलाचा. पहिल्या महिन्यात एक लिटर तेलाची पिशवी ९ दिवसांत संपली. वहीत हिशेब मांडला, तर माणशी रोज ३७ मिलिलिटर तेल, म्हणजे सात चमचे. आम्ही थेट पिशवीतून कढईत ओतत होतो ना! मग तेलाच्या बरणीत चहाचा चमचा ठेवला आणि नियम केला, तिघींच्या भाजीला तीन चमचे, आमटीला दोन. आता तीच पिशवी २० दिवस पुरते. माणशी रोज चार चमचे तेल वाचलं. चार चमचे तेल म्हणजे जवळजवळ १७० कॅलरी. एकही घास कमी न करता एवढं कमी झालं, आणि पैसे वाचले ते वेगळेच.

दुसरा धडा चहाचा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. आता दोनच कप आणि एकेक चमचा साखर. पहिले आठ दिवस चहा चहा वाटत नाही, मग सवय होते. चहा जेवणाला लागूनही घेत नाही, कारण त्याने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. तासाभराचं अंतर ठेवतो. उसळीवर लिंबू मात्र आवर्जून पिळतो, कारण लिंबामुळे ते लोह जास्त अंगी लागतं. डॉक्टरबाईंनी आमच्या मैत्रिणीला गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या जोडीला हे पथ्य.

तिसरा धडा ताटाचा. मेसच्या ताटात पोळी आणि भात भरपूर, भाजी तोंडी लावण्यापुरती. आम्ही वाटणी बदलली. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. उरलेलं पाव ताट डाळ, उसळ किंवा अंडं. पोट गच्च भरतं, तरी वजन उतरतं, कारण भाजीत पाणी आणि चोथा जास्त. चोथा लवकर भूक लागू देत नाही.

"भाज्या परवडतात का?" असं मैत्रिणी विचारतात. आम्ही महात्मा फुले मंडईत संध्याकाळी उशिरा जातो, विक्रेते आवराआवर करत असतात तेव्हा. सकाळच्या भावापेक्षा भाजी स्वस्त मिळते. ज्या भाजीचा हंगाम असेल तीच घ्यायची. थंडीत मेथी, मुळा, गाजर. उन्हाळ्यात काकडी, दुधी. मुळ्याचा पाला टाकायचा नाही, त्याची भाजी होते. फळ म्हणजे सफरचंदच असं नाही, पेरू आणि केळं काही कमी नाही.

आणि कडधान्य! मटकी, चवळी, मूग, हरभरे. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. महागड्या पावडरच्या डब्यांकडे बघायचं कारणच नाही. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात, थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, मग कांदा, टोमॅटो, लसूण. त्यात मटकी, हळद, तिखट, मीठ आणि पाणी, वर झाकण. बोटानं दाबली की चेपली गेली पाहिजे, पण लगदा नको. शेवटी कोथिंबीर. खोबरं-दाण्याचं वाटण नाही घातलं तरी चव येते, खरंच.

एक गंमत सांगतो. चिपळूणची म्हणाली, आज कुळथाची पिठी करते. बाकीच्या दोघींनी कुळीथ कधी ऐकलाच नव्हता. डबा उघडून वास घेतला आणि परभणीची ओरडली, "अगं, हे तर हुलगे!" सोलापूरचीला आजीचं माडगं आठवलं, परभणीचीला शेंगोळे. तेव्हापासून आठवड्यातून एकदा पिठी ठरलेली. दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण लाल करायचा, तीन मोठे चमचे पीठ पाण्यात कालवून ओतायचं, तिखट, मीठ, दोन आमसुलं. ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटांत जेवण तयार. सोबत ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा.

आता आमचा एक दिवस. सकाळी मुगाचं धिरडं किंवा भरपूर कांदा-मटार घातलेले पोहे. दुपारच्या डब्यात दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, उसळ, कोशिंबीर. पाच वाजता मूठभर फुटाणे, म्हणजे वडापावच्या गाडीसमोरून जाताना पाय अडखळत नाहीत. रात्री आठला मुगाची खिचडी, तीत डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे, आणि एखादी भाजी. शिवाय पातळ ताक. एक कापते, एक शिजवते, एक भांडी घासते. पाऊण तासात सगळं आटपतं.

उपासाचंही सांगायला हवं. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन कमी होईल असं आम्हाला वाटायचं. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा पिष्ट, वर तूप आणि दाण्याचा कूट. आता वरईचा भात, ताक आणि उकडलेलं रताळं असतं.

खर्चाचं म्हणाल, तर मेस, नाश्ता आणि बाहेरचं खाणं मिळून माणशी ४५०० रुपये जायचे. आता गॅससकट २४०० जातात. वाचलेल्या पैशांतून पुस्तकं येतात. पाच महिन्यांत सोलापूरचीचं वजन ७ किलो उतरलं, परभणीचीचं ५. मध्ये एक महिना काटा हललाच नाही. रडू आलं, पण जेवण तोडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला थायरॉइड, मधुमेह किंवा पाळीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आमचं सगळं तुम्हाला लागू पडेल असं नाही.

आणि चिपळूणची? तिचं वजन ५४ किलो आहे. एक किलो वाढलंच. हिमोग्लोबिन ११.९ झालंय. परीक्षेला बसली, जिने न थांबता चढते.

हे भाषण लिहिताना प्रश्न आला, जिन्यातली गोष्ट सांगायची का? मासिकात छापून आलं की तिची आई वाचणार. ती म्हणाली, आधी मीच सांगते. परवा रात्री फोन लावला आणि सगळं सांगितलं, त्या खोट्या "हो"सकट. आई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आज काय केलंत जेवायला?" ती म्हणाली, "पिठी-भाकरी." आई म्हणाल्या, "आमसुलं संपत आली असतील. पाठवते."