शकुंतलेचा धडा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



खासगी वेगवान रेल्वेची आज जोरात चर्चा आहे. आपण वऱ्हाडी माणसांनी खासगी रेल्वे लहानपणीच पाहिली, आपली शकुंतला! किलिक-निक्सन कंपनीने कापसासाठी टाकलेली ही नॅरोगेज लाईन. एक मार्ग मूर्तिजापूर–यवतमाळ, दुसरा अचलपूरचा. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार सरकारी रेल्वे. रूळ जीर्ण झाले, पण पैसा कोणी घालायचा हे सुटलं नाही. शेवटी गाडी थांबली.

मुंबई–अहमदाबाद तेजसचं उलट आहे. रूळ रेल्वेचे, गाडी आयआरसीटीसी चालवते, भाडंही तीच ठरवते. अशी गाडी आपल्याकडे आली तर स्वागतच. पण आधी विचारूया : रूळ कोण सांभाळणार? तिकीट कोणाला परवडणार? अकोला-बडनेऱ्याशिवाय ती थांबणार कुठे?

दर्यापूरहून शकुंतलेने येणारे आपले वर्गमित्र त्या स्वस्त तिकिटावरच शिकले. तशी मुलं आजही आहेत. वेगवान गाडी मागताना त्यांचीही गाडी मागूया. निवेदन लिहून आणलंय. पहिली सही माझी आहे, दुसरी सरांनी करावी.