चुनखडी, मोरचूद आणि लोखंडी सुरी



रासायनिक क्रिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि नाकाला झोंबणारा वास एवढेच उभे राहते. परीक्षा झाली की ते सारे आपण फडताळात टाकून देतो. पण ज्यांच्या घरी द्राक्षाची किंवा सुपारीची बाग आहे, त्यांच्याकडे या क्रिया पिंपात आणि बादलीत चाललेल्या असतात. त्या नीट झाल्या तर बाग वाचते. बिघडल्या तर औषधानेच पाने जळतात. म्हणून आज मी रासायनिक क्रियांचे मुख्य प्रकार सांगणार आहे ते एकाच पदार्थाच्या आधाराने. तो पदार्थ म्हणजे आपला चुना.

साखर पाण्यात विरघळली तरी ती साखरच राहते. पाणी आटवा, साखर परत हाती येते. ही काही रासायनिक क्रिया नव्हे. रासायनिक क्रियेत मूळ पदार्थाचे गुण जातात आणि निराळ्या गुणांचा नवा पदार्थ तयार होतो. अणू मात्र तेच असतात, फक्त त्यांच्या सोयरिकी बदलतात. त्यामुळे एकूण वजनात काही घट होत नाही. हे वजनाचे सूत्र घट्ट धरून ठेवा, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

आता चुन्याच्या भट्टीकडे चला. भट्टीत चुनखडीचे दगड घालतात. कोकणात शिंपल्यांचाही चुना करतात. सुमारे 900 अंश सेंटिग्रेड उष्णता मिळाली की दगड आतून फुटतो, म्हणजे त्याचे दोन पदार्थ होतात. 100 किलो शुद्ध चुनखडी पुरती भाजली, तर हाती 56 किलो कळीचा चुना येतो. मग 44 किलो गेले कुठे? चोरी झाली नाही! ते कार्बन डाय-ऑक्साइड वायू होऊन हवेत गेले. जुन्या क्रमिक पुस्तकांत याच वायूला कर्बद्विप्राणिल म्हणत. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने तराजू हाती घेऊन हा हिशेब लावला आणि 1756 साली तो प्रसिद्ध केला. एका पदार्थाचे असे दोन किंवा अधिक पदार्थ होणे, याला अपघटन म्हणतात.

कळीच्या चुन्यावर पाणी पडले की काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. चुना फुगतो, तडकतो, वाफा निघतात. खाली जाळ नसताना पाणी उकळते! इथे 56 किलो चुना 18 किलो पाणी पोटात घेतो आणि 74 किलो विरलेला चुना होतो. दोन पदार्थ मिळून एक झाला, म्हणून हा संयोग. भट्टीतल्या क्रियेला उष्णता द्यावी लागली, ही क्रिया उष्णता देते. पहिली उष्माग्राही, दुसरी उष्मादायी. म्हणून चुना विरवताना तो पाण्यात थोडाथोडा सोडावा, वाकून पाहू नये आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. थोडे विषयांतर करतो, पण गरजेचे आहे. पानाला लावायचा चुना डोळ्यात उडून मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाल्याची उदाहरणे नेत्रवैद्यांनी नोंदविलेली आहेत. असे झालेच तर लिंबू, चिंच, तूप काही घालू नका. तत्काळ स्वच्छ पाण्याची धार धरा, निदान वीस मिनिटे, आणि लगेच दवाखाना गाठा.

विरलेला चुना उघडा राहिला, तर हवेतला तोच कार्बन डाय-ऑक्साइड तो हळूहळू परत घेतो, 18 किलो पाणी सोडून देतो, आणि 74 किलोचे पुन्हा 100 किलो होतात. म्हणजे झाले काय, तर चुनखडी परत आली! भिंतीचा गिलावा वर्षानुवर्षे कठीण होत जातो तो यामुळेच. भिंतीला हे भूषण आहे. बागाईतदाराला मात्र नुकसान. ते कसे, ते आता पाहू.

फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने 1882 साली पाहिले, की नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या आहेत. त्याने प्रयोग केले आणि 1885 साली कृती प्रसिद्ध केली. तेच आपले बोर्डो मिश्रण. आपल्याकडे द्राक्षाच्या केवड्यावर आणि सुपारीच्या कोळेरोगावर ते आजही फवारतात.

एक टक्क्याच्या मिश्रणाचे रूढ प्रमाण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, गाळून, मग ढवळत ढवळत एकत्र करायचे. इथे दोघांनी आपापले जोडीदार बदलले. मोरचुदातले तांबे चुन्याकडे गेले, चुन्यातले कॅल्शियम मोरचुदाकडे आले. ही झाली दुहेरी विस्थापनाची क्रिया. तयार होणारा निळा साका पाण्यात विरघळत नाही. तो पानावर चिकटून बसतो आणि दवाच्या, पावसाच्या ओलीने थोडेथोडे तांबे सोडतो. बुरशीचे बीज रुजण्याआधीच मरते. रोग पानात शिरल्यावर फवारून मात्र फारसे हाती लागत नाही.

चुना कमी पडला तर? मग विरघळलेले मोरचूद तसेच राहते आणि तेच पाने जाळते. हिशेबाने 250 भाग मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना 56 भाग पुरतो, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी. मग आपण किलोला किलो का घेतो? बाजारचा चुना शुद्ध नसतो म्हणून. आणि पोत्यात सहा महिने उघडा पडलेला चुना असेल, तर किलोभर घालूनही काम होणार नाही. त्याचा बराचसा भाग केव्हाच चुनखडी होऊन बसलेला असतो, आणि चुनखडी काही ताज्या चुन्याचे काम करीत नाही. दिसायला पांढरी पूड तीच. दुकानदाराला बोल लावण्याआधी पोत्याचे तोंड किती दिवस उघडे होते ते आठवावे.

मग ओळखायचे कसे? एक चकचकीत घासलेली लोखंडी सुरी मिश्रणात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे मोरचूद शिल्लक आहे असे समजा. चुन्याचे पाणी आणखी घाला, ढवळा, पुन्हा सुरी धरा. ती स्वच्छ निघेपर्यंत फवारणीला हात लावू नका. सुरीवर जे घडते त्याला विस्थापन म्हणतात. लोखंड हे तांब्याहून अधिक क्रियाशील. ते तांब्याला मिठातून उठवून लावते आणि स्वतः त्याच्या जागी बसते. मोरचूद लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत भिजवू नये म्हणतात ते याचसाठी. जस्त तर लोखंडाच्याही वरचढ! बादलीला भोके पडतात आणि औषधातले तांबे तळाला जाऊन बसते. लाकडी, मातीचे वा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे. मिश्रण केले त्याच दिवशी संपवावे. शिळे झाले की साका जाडसर होतो आणि पानाला धरत नाही.

शाळेतल्या गुरुजींना एक सुचवितो. चार प्रकारांची नावे फळ्यावर लिहून देण्याआधी चुन्याची निवळी पेल्यात घ्या आणि मुलाला नळीने तीत फुंकायला सांगा. फुंकायचेच, ओढायचे नाही, हे आधी बजावा. निवळी दुधासारखी होते. भिंतीवर महिनोन् महिने चालणारी क्रिया मुले मिनिटात पाहतात. तसेच फुंकत राहिले, तर ती पुन्हा निवळते. का निवळली, हे त्यांना लगेच सांगू नका, दोन दिवस डोके खाजवू द्या. दुसऱ्या पेल्यात मोरचुदाचे पाणी घेऊन घासलेला खिळा सोडा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा तो पेला तुमच्या टेबलावर राहू द्या आणि खिळा बाहेर काढल्यावर मुलांना पात्यावरचा नव्हे, खिळ्यावरचा तांबडा थर दाखवा. घरी बाग असलेले एखादे पोर त्या संध्याकाळी सुरी घेऊन पिंपापाशी जाईल.